कळफलकाची कळ

"डॉक्टर, पोरानं पुण्याहून पाठवलंय. याच्यावर टायपिंग करू, की हात आणखीच जाईल?" असे म्हणत गेल्या आठवड्यात एका गृहस्थांनी पिशवीतून चक्क संगणकाचा कळफलक काढून माझ्या टेबलावर ठेवला. कोर्टाच्या आवारात अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे टाइप करून देणे हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. उजव्या हाताचा अंगठा आणि लगतच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येतात, उठून हात झटकावा लागतो, ही तक्रार. बाहेरच्या बाकावरचे पेशंट हसले. मला हसू आले नाही, त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच मुंग्यांची तक्रार घेऊन एक टायपिस्ट बाई माझ्याकडे येत होत्या. मी सहा महिने बी-१२ची इंजेक्शने देत राहिलो. मनगट तपासलेच नाही. अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा सपाट झाला तेव्हा माझे डोळे उघडले. शस्त्रक्रियेने मुंग्या थांबल्या, पण गेलेले मांस पुरते भरून आले नाही. पदराची पिन त्या आजही डाव्या हाताने लावतात.

मनगटाच्या आत एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे वळवणाऱ्या ९ स्नायुरज्जू आणि एक मुख्य नस जाते. मनगट वरच्या बाजूला वाकवून ठेवले की या बोगद्यातला दाब वाढतो आणि नस चेपते. उंच कळफलक, त्यात मागचे पाय उभे केलेले, म्हणजे मनगट दिवसभर वाकलेलेच. ते पाय लोक का उभे करतात, हे मला आजवर उमगलेले नाही!

आता या नव्या वस्तूकडे वळू. साध्या स्वस्त कळफलकात कळीखाली रबराची टोपी असते. ती पुरती दबल्याशिवाय अक्षर उमटत नाही, म्हणून बोट तळापर्यंत आपटावेच लागते. टाइपरायटरवर शिकलेली आमची पिढी तर गरजेच्या कितीतरी पट जोराने मारते. यांत्रिक खटक्याच्या कळीत प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंग असते आणि अक्षर अर्ध्या वाटेवरच उमटते. चेरी कंपनीचा प्रसिद्ध निळा खटका एकूण ४ मिलिमीटर दबतो, पण २.२ मिलिमीटरवरच 'टिक्' करून काम झाल्याचे सांगतो. अडचण एवढीच, की असे कळफलक उंच असतात. म्हणून अलीकडे बुटक्या कळींचे खटके निघाले. लॉजिटेकच्या २०१९ सालच्या एका बुटक्या कळफलकात आवाज करणारी कळ २.७ मिलिमीटर दबते आणि १.५ मिलिमीटरवर अक्षर उमटते. कळफलकाची उंची सुमारे २२ मिलिमीटर.

माझ्या मते ही सांगड शहाणपणाची आहे. बुटकेपणामुळे मनगट सरळ राहायला मदत होते आणि आवाजामुळे बोटाला कुठे थांबायचे ते कळते. पण एक खोच आहे. उंच कळीत टिक् झाल्यावर बोटाला सावरायला १.८ मिलिमीटर मिळतात, इथे फक्त १.२. जुन्या सवयीने ठोकत राहिलात तर बोट तळावर आपटणारच. टिक् ऐकून हात सैल सोडायला शिकावे लागते, आणि ते काही आठवड्यांचे काम आहे. शेजारच्या टेबलाला त्या टिकटिकीचा ताप होतो, तो वेगळाच.

कळ बदलून दुखणे कमी होते का? अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत हाताला मुंग्या येणाऱ्या २० जणांना दोन वेगळ्या प्रकारच्या कळींचे कळफलक दिले होते. एका प्रकारात वेदना कमी झाल्या, पण सहा आठवड्यांनी नव्हे, बारा आठवड्यांनी. वीस माणसांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. उलट २००३ साली डेन्मार्कमधल्या सुमारे ७००० कर्मचाऱ्यांच्या पाहणीत टायपिंग हे या आजाराचे मोठे कारण असल्याचे दिसले नाही. त्यामुळे कळफलक हेच औषध म्हणून विकणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात, गरोदरपण यांतही हीच नस चेपते, आणि कळफलक बदलण्याच्या नादात हे तपासायचेच राहून जाते. बी-१२च्या नादात माझे तेच झाले होते.

त्या गृहस्थांना मी दोन्ही मनगटे वाकवून हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून धरायला लावल्या. मिनिट व्हायच्या आत उजव्या हाताला मुंग्या आल्या. अंगठ्याचे मांस मात्र शाबूत आहे, जोरही चांगला आहे. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधायला दिला. कळफलक वापरा, पण मागचे पाय मिटवून, आणि अर्ध्या तासाने हात खाली सोडा, असे सांगितले. रिकाम्यापोटीची साखर आणि थायरॉइडच्या तपासण्या लिहून दिल्या.

"म्हणजे हे परत पाठवायचं नाही ना? पोराला वाईट वाटेल," ते म्हणाले. पाठवू नका म्हटले. शनिवारी रिपोर्ट घेऊन येणार आहेत. पट्ट्याने महिन्याभरात फरक पडला नाही, तर नसेची तपासणी करायला जिल्ह्याच्या गावी पाठवणार आहे.