दुबळ्या पिल्लांचे संगोपन

आठवडी बाजारात गुलाबी, हिरव्या, जांभळ्या रंगांत बुडवलेल्या कोंबडीच्या पिल्लांची टोपली घेऊन बसणारा विक्रेता महाराष्ट्रातील बहुतेक तालुक्यांच्या गावी दिसतो. तासगावही त्याला अपवाद नाही. मुले हट्ट धरतात. आजी-आजोबांना त्या जिवांची कणव येते. दहा-वीस रुपयांत एक पिल्लू पुठ्ठ्याच्या खोक्यातून घरी येते. दुसऱ्या दिवशी ते उभे राहत नाही, त्याचे पाय दोन बाजूंना फाकलेले असतात, आणि मग जैन घरात खरा प्रश्न उभा राहतो. पंचेंद्रिय जीव दारात आला आहे. त्याचे करायचे काय?

प्रथम हे पिल्लू येते कोठून, ते पाहू. अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या जातींत नर पिल्लाचा धंद्याला उपयोग नसतो. ते अंडी देत नाही आणि मांसासाठी वेगळ्या जाती असल्याने त्या बाजारातही त्याला भाव नसतो. त्यामुळे अंडी उबवण केंद्रात पहिल्याच दिवशी माद्या आणि नर वेगळे केले जातात. अधू, अशक्त, बेंबी न मिटलेली पिल्लेही त्याच वेळी बाजूला काढतात. तासगावकरांना प्रतवारी हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. बेदाण्याच्या सौद्यात हिरवा, पिवळा, काळा अशी प्रत लागते, आणि अगदी काळ्या मालालाही गिऱ्हाईक मिळते. उबवण केंद्रातील खालच्या प्रतीला मात्र गिऱ्हाईक नाही. जगभर अशी कोट्यवधी नर पिल्ले पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून कायद्याने ही प्रथा बंद केली. अंड्यात असतानाच नर-मादी ओळखण्याचे तंत्र तेथे वापरात आले. आपल्याकडे त्यांतली काही पिल्ले कवडीमोलाने फेरीवाल्याकडे जातात, रंगात भिजतात, थंडीने गारठतात आणि आपल्या मुलांच्या हाती पडतात.

म्हणून दयाबुद्धीने का होईना, ती विकत घेऊ नयेत. पर्युषणात अभयदानाच्या भावनेने संपूर्ण टोपली सोडवणारे सज्जन आढळतात. त्यांचा हेतू शुद्ध आहे, परंतु व्यापाऱ्याच्या मुलाला हे सांगावे लागू नये की ज्या मालाला उठाव आहे तो माल पुढच्या बाजारात पुन्हा येतो. टोपली रिकामी झाली की विक्रेता दुप्पट पिल्ले मागवतो. मुलांना हे नीट समजावून सांगितले तर ती ऐकतात. मोठ्यांना समजावणे अधिक कठीण जाते.

तथापि घरात आलेल्या जिवाबाबत हा हिशेब लागू होत नाही. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बांधणे, मारणे, अवयव छेदणे आणि अतिभार लादणे यांच्या जोडीने अन्नपाणी रोखणे हाही अतिचार सांगितला आहे. आश्रित जिवाची आबाळ ही केवळ चूक राहत नाही, तो व्रताला लागलेला डाग होतो.

या अतिचाराचे मोठे उदाहरण आपल्याच भागात घडून गेले आहे. २०१९ मध्ये सांगली, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांत कडकनाथ कोंबडीपालनाच्या गुंतवणूक योजना कोसळल्या. पिल्ले द्यायची, खाद्य पुरवायचे, वाढलेले पक्षी आणि अंडी चढ्या भावाने परत घ्यायची, असे आश्वासन होते. झाबुव्याच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याने नावाला वलय आले होते. परतावा आकर्षक होता, आणि बाजारात त्या मालाला अंतिम ग्राहक कोण, हा कोणत्याही कर्जप्रकरणात विचारला जाणारा पहिला प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. पुरवठा थांबला तेव्हा वर्तमानपत्रांत शेतकऱ्यांच्या बुडालेल्या पैशांची चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु शेडमध्ये खाद्याविना राहिलेल्या पक्ष्यांचे काय, हा विचार फार थोड्यांनी केला. उपासमारीत दुबळा जीव आधी जातो. थव्यातील सशक्त पक्षी त्याला दाण्यापर्यंत पोहोचूच देत नाहीत. पुढे मार्च २०२० मध्ये करोनाच्या अफवेने कोंबडीचे भाव कोसळले, तेव्हा बेळगाव जिल्ह्यातील गोकाक तालुक्यात हजारो पक्षी खड्ड्यात जिवंत पुरले गेले. ज्या धंद्यात जीव हाच माल असतो, त्या धंद्यात मंदीचा अर्थ असा होतो. जिवांच्या व्यापाराला आपल्या शास्त्रकारांनी श्रावकासाठी वर्ज्य ठरवले, ते उगीच नव्हे.

आता शुश्रूषेकडे वळू. पिल्लू एकवीस दिवसांनी अंड्याबाहेर येते. त्याच्या थोडे आधी अंड्यातील उरलेला बलक त्याच्या पोटात ओढला जातो आणि त्यावर ते दोन-तीन दिवस तग धरते. याच कारणाने ते पेटीतून दूरवर पाठवता येते, आणि याच कारणाने घरी आलेले पिल्लू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अचानक कोसळते: शिदोरी संपलेली असते. त्याला पहिली गरज असते उबेची, दुसरी पाण्याची, आणि मग दाण्याची. हा क्रम उलटा करू नये. गारठलेल्या पिल्लाच्या चोचीत दाणा कोंबला तर तो पचत नाही.

पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती साधारण तीन अंशांनी कमी करावी. त्यासाठी तारेचा जुना दिवा हवा. हल्लीचा एलईडी दिवा उजेड देतो, ऊब जवळजवळ देत नाही, आणि रात्रभर दिवा लावूनही पिल्लू थंडीने मेले असे घडते ते यामुळेच. खोक्याच्या एका टोकाला दिवा टांगावा, दुसरे टोक मोकळे ठेवावे. पिल्लू दिव्याखाली अंग आखडून चिवचिवाट करत राहिले तर ऊब कमी आहे. चोच उघडी टाकून दूर पळाले तर जास्त. साठ वॅटचा दिवा चोवीस तास लावला तरी दीड युनिटापेक्षा कमी वीज लागते, तेव्हा खर्चाची सबब पुढे करू नये. वीज गेलीच तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवावी. दिव्याभोवती कीटक येऊन मरू नयेत यासाठी खोक्यावर बारीक जाळीचे कापड ताणावे. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसा दिव्याची गरज नसते. तेव्हा सावली हवी.

पाण्याबाबत जैन घर आधीच सज्ज असते. गाळलेले, उकळून कोमट केलेले पाणी उथळ वाटीत ठेवावे आणि त्यात स्वच्छ खडे टाकावेत. अशक्त पिल्लू बोटभर पाण्यातही बुडते. चोचीचे टोक एकदा हलकेच पाण्याला लावले की त्याला पिणे कळते. ड्रॉपरने घशात पाणी सोडू नये, ते श्वासनलिकेत जाते. पहिले अर्धा दिवस लिटरभर पाण्यात मूठभर गूळ विरघळवून दिल्यास तरतरी येते.

दाण्यासाठी तांदळाची कणी, मक्याचा किंवा ज्वारीचा बारीक भरडा चालतो, परंतु केवळ धान्यावर पिल्लू वाढत नाही. त्याला प्रथिने लागतात. उकडलेल्या अंड्याचा बलक द्यावा असा सल्ला सर्रास मिळतो. आपल्या घरात त्याची आवश्यकता नाही. फुटाण्याचे पीठ आणि सोयापेंड यांनी ती गरज भागते. तयार खाद्य घेताना त्यात मासळीची भुकटी नाही, हे दुकानदाराला विचारून घ्यावे. सोबत चिमूटभर बारीक वाळू हवी, कारण पक्ष्याला दात नसतात. दाणा पोटातल्या खड्यांनीच दळला जातो.

येथे धान्य आणि पेंडीच्या व्यापाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड 'पक्ष्यांना घालू' म्हणून बाजूला काढण्याची सवय अनेक पेढ्यांवर आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची लाखभर पिल्ले एकाएकी मेली. शोध घेतला तेव्हा बुरशी आलेली शेंगदाणा पेंड त्याचे कारण ठरली, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष उजेडात आले. उकळून किंवा उन्हात घालून ते पुरेसे नाहीसे होत नाही. माणसाला विकण्यास अयोग्य ठरलेला माल पक्ष्याला घालणे हे दान नव्हे. दुबळ्या पिल्लाचे यकृत तर ते मुळीच सोसत नाही.

फाकलेल्या पायांचा दोष बहुधा जन्मजात नसतो. वर्तमानपत्राच्या किंवा प्लॅस्टिकच्या गुळगुळीत पृष्ठभागावर पाय घसरतात आणि कोवळी हाडे व स्नायू तसेच वळतात. प्रथम खाली गोणपाट अंथरावे. नंतर मऊ चिकटपट्टीने दोन्ही पाय, मध्ये साधारण इंचभर अंतर राहील असे, सैलसर जोडावेत. पट्टी रक्त अडवणार नाही इतकीच घट्ट असावी. रोज ती सोडून पाहावी. पहिल्या दोन-तीन दिवसांत हा उपाय झाला तर बहुतेक पिल्ले आठवड्याच्या आत चालू लागतात; पंधरा दिवसांनी सुचलेला उपाय क्वचितच लागू पडतो. बोटे आत मुडपलेली असतील तर 'ब-२' जीवनसत्त्वाची उणीव असू शकते. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून औषधाचे थेंब ठरवून घ्यावेत आणि बोटे सरळ पसरवून पुठ्ठ्याचा छोटा जोडा चिकटपट्टीने बसवावा. गुदद्वारी विष्ठा वाळून चिकटली तर ती ओढू नये. कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून पुसावी, अन्यथा मार्ग बंद होऊन पिल्लू मरते. बेंबी ओली असल्यास तिला हात न लावता पोव्हिडोन आयोडीनचा हलका बोळा टेकवावा.

चोच वाकडी असेल तर ती सरळ होत नाही. अशा पिल्लाला खोल वाटीत भिजवलेला भरडा द्यावा. जन्मभर तसेच द्यावे लागते. दुबळे पिल्लू इतरांपासून वेगळे ठेवावे, कारण सशक्त पिल्ले त्याला टोचतात. परंतु जाळीपलीकडून दुसरे पिल्लू दिसत राहावे. एकटे पडलेले पिल्लू ओरडून ओरडून थकते.

स्वच्छतेकडे दुर्लक्ष नको. पिल्लाला हात लावल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत, आणि खोका स्वयंपाकघरात ठेवू नये. भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्रातच, नवापूरला झाला. एकाच वेळी अनेक पक्षी मेले तर ते परस्पर टाकून न देता पशुसंवर्धन विभागाला कळवावे. घरट्यातून पडलेले पोपटाचे वा अन्य रानपक्ष्याचे पिल्लू घरी पाळता येत नाही. ते वनविभागाकडे सोपवावे.

सर्व उपाय करूनही काही पिल्ले जगत नाहीत. खाणे सोडलेल्या पिल्लाला बळेच भरवू नये. त्याला ऊब आणि शांतता द्यावी, कानाशी नवकार म्हणावा. इंजेक्शन देऊन सोडवण्याचा सल्ला कोणी दिला तर आपली परंपरा तो स्वीकारत नाही. मात्र वेदना कमी करणारे औषध पशुवैद्याकडून घेण्यास कोणतीही हरकत नसावी. या दोहोंत गल्लत करून औषधही नाकारणारी घरे आहेत, आणि त्यांचा तो आग्रह दयेला धरून नाही.

जे पिल्लू जगते, त्याचा प्रश्न पुढे येतो. रंग काही आठवड्यांत पिसांबरोबर गळून जातो, आणि चार-पाच महिन्यांनी पहाटे बांग ऐकू येऊ लागते. शेजारी तक्रार करतात. मग 'मळ्यावरच्या कोणाला देऊन टाकू' असा सोपा मार्ग सुचतो, आणि त्याचा शेवट पातेल्यात होतो हे सर्वांना ठाऊक असते. कोंबडा पाच ते आठ वर्षे जगतो. दिल्लीच्या लाल मंदिरातील जैन पक्षी रुग्णालयात बरा झालेला पक्षी मालकाला परत दिला जात नाही, त्याला मोकळे सोडतात. कोंबड्याला आकाश नसते, त्याला आश्रयच लागतो. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी मुंबईची पांजरपोळ स्थापन केली. व्यापाऱ्यांनी आपल्या उलाढालीवर स्वखुशीने लागा बसवून अशा संस्था चालवल्या, हा पश्चिम भारतातील पेठांचा इतिहास आहे. आज गावोगावच्या जीवदया फंडातून गाईंच्या चाऱ्याची तरतूद होते. त्याच फंडातून मळ्याच्या कडेला एखादे जाळीचे खुराडे, मुंगसापासून बचाव होईल असा दरवाजा आणि महिन्याचे दोन पोती भरडे इतकी तरतूद झाली, तर तालुक्यातील अशा पक्ष्यांची सोय लागेल. खुराड्याची जाळी जमिनीखाली हातभर पुरावी. मुंगूस तळातूनच शिरते.