आराखडा, यंत्र आणि कायदा

मुकुंदवाडीतून रोज सकाळी चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीकडे निघणारा कामगार लेथवर पोलादी नळी कातू शकतो, संगणकावरील आराखडा वाचू शकतो. बंदूक घडविण्याचे कसब त्याच्या हातात कधीचेच आहे. ते त्याने त्या कामी लावले नाही, एवढेच. थ्रीडी प्रिंटरवर छापता येणाऱ्या पिस्तुलांच्या भीतीने हवालदिल झालेल्यांनी हे प्रथम ध्यानात घ्यावे.

२०१३च्या मे महिन्यात अमेरिकेत कोडी विल्सनने अशा प्लास्टिकच्या पिस्तुलाचा आराखडा इंटरनेटवर खुला केला. सरकारने शस्त्रनिर्यातीचे नियम पुढे करून तो काढायला लावला, पण तोवर लाखभर प्रती लोकांच्या हाती गेल्या होत्या. आराखडा हे भाषणच आहे, असा विल्सनचा दावा. २०१८ साली सरकारने त्याच्याशी तडजोड केली, ती सिॲटलच्या न्यायालयाने रोखली. न्यू साउथ वेल्सने तर २०१५ मध्येच असा आराखडा जवळ बाळगणे हा १४ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरविला.

आपण कोणता मार्ग धरावा? लॉर्ड लिटनने १८७८ या एकाच वर्षी देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणला आणि शस्त्रबंदीचाही. शब्द आणि शस्त्र यांना एकाच बेडीत अडकविण्याची ती रीत आपल्याला परकी नाही. म्हणून नुसत्या वाचनाला गुन्हा ठरविणे धोक्याचेच. परंतु विल्सनची स्वातंत्र्यभक्तीही निखळ नव्हे. बंदुकीचे भाग कातणारी यंत्रे विकण्याचा व्यापार त्याच्या संस्थेने थाटला आहेच!

१९५९च्या शस्त्र अधिनियमात ‘शस्त्र’ या संज्ञेत शस्त्रे बनविण्याची यंत्रसामग्रीही येते. विनापरवाना अग्निशस्त्र बनविणाऱ्यास २०१९च्या दुरुस्तीनंतर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. कृतीला शिक्षा करण्यास हा कायदा पुरेसा आहे. चिंता आहे ती ‘यंत्रसामग्री’ या शब्दाची. उद्या तो ताणून प्रत्येक प्रिंटरला परवाना लावला, तर बड्या कारखान्याचे काही बिघडणार नाही. दोन खोल्यांत सुटे भाग काढणारा लघुउद्योजक मात्र इन्स्पेक्टरच्या दारी उभा राहील.

आणि शहराला खरा धोका कोठून आला? २०१८च्या मे महिन्यात तेव्हाच्या औरंगाबादेत दंगल झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस पोलिसांनी ऑनलाइन मागवून कुरिअरने आलेल्या तलवारी जप्त केल्या. त्यांना ना प्रिंटर लागला, ना गुप्त आराखडा. उघड्या बाजारात त्या नफ्यासाठी विकल्या गेल्या होत्या. परवान्याची सक्ती करायचीच, तर ती या विक्रेत्यांपासून सुरू करावी, आणि कोणते यंत्र ‘शस्त्रनिर्मितीचे’ हे संसदेने नेमक्या शब्दांत लिहावे.