खोल्या बांधण्यापूर्वी वाटसरू मोजा

कृषी पर्यटनाचा सल्ला देताना आपण आमराई, विहीर, शेततळे यांची यादी करतो. पाहुणा रात्री मुक्कामाला का राहील, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारतो. या दृष्टीने छत्तीसगडमधील भिलाई शहर अभ्यासण्याजोगे आहे.

सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. कारखान्याने सेक्टरांची वसाहत वसवली आणि पाहुण्यांसाठी स्वतःची अतिथिगृहेही बांधली. वसाहतीची जमीन कारखान्याची; साहजिकच खासगी हॉटेलांनी लोहमार्गापलीकडील जी. ई. रोडचा सुपेला ते नेहरूनगर हा पट्टा धरला. मुंबई–कोलकाता वाहतुकीचा हा जुना रस्ता. कामानिमित्त येणारे ठेकेदार, यंत्रसामग्रीचे विक्रेते आणि लग्नाची वऱ्हाडे हेच तेथील गिऱ्हाईक. शेजारचे रायपूर २००० साली राजधानी झाले, विमानतळही तेथेच. त्यामुळे मोठ्या हॉटेलांचा ओढा तिकडे राहिला. भिलाईच्या मैत्री बागेत सुटीच्या दिवशी गर्दी उसळते, पण ती सायंकाळी घरी परतते. रमणीय स्थळ माणसांना आणते. मुक्काम घडवतो तो प्रवास, काम किंवा समारंभ.

महाराष्ट्राचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. पुणे-मुंबईच्या सुटीकरूंवर चालणारी केंद्रे पाहून भंडारा-गोंदियातील शेतकऱ्याने कर्ज काढून खोल्या बांधाव्यात, असे सुचवणे मला धोक्याचे वाटते. रिकाम्या खोलीचेही व्याज चुकत नाही. अशा ठिकाणी हुरडा, रानजेवण, शिवारफेरी असा एक दिवसाचा कार्यक्रम पुरेसा आहे. त्याला भांडवल थोडे लागते, आणि गिऱ्हाईक न आल्यास शेत तर पिकतेच.

दुसरी बाजू अधिक लाभाची आहे. शहराजवळ भाजी व दूध पिकवणे परवडते, हे जर्मन शेतकरी-अर्थतज्ज्ञ फॉन थ्युनेन यांनी १८२६ मध्येच मांडले होते. दुर्ग जिल्ह्यातील धमधा परिसर टोमॅटोसाठी प्रसिद्ध आहे, आणि भाव कोसळल्यावर तेथील उत्पादकांचे होणारे हालही परिचित आहेत. महामार्गावरील हॉटेलांचा पट्टा म्हणजे रोज ठराविक माल घेऊ शकणारे स्वयंपाकघर. ते सगळा टोमॅटो उचलणार नाही, पण कोथिंबीर, पालेभाजी, पनीर, अळिंबी यांना बांधील गिऱ्हाईक मिळू शकते. त्यासाठी प्रतवारी, वेळेवर पोच आणि उधारीची मुदत आधी ठरवावी लागेल. शेतकरी गटाशिवाय हे एकट्याला झेपणारे नाही. विस्तार कार्यकर्त्यांनी पीक सुचवण्यापूर्वी तालुक्याच्या नकाशावर हॉटेले, ढाबे व मंगल कार्यालये खुणावून घ्यावीत आणि प्रत्येकाची आठवड्याची भाजीची गरज विचारून यावी.