मास्तर, पन्नास पावलं मागे!

शाळेचं स्काउट पथक लोकांना दिसतं ते बहुधा २६ जानेवारीच्या संचलनात, नाहीतर पाहुणे येणार म्हणून फाटकापासून व्यासपीठापर्यंत दुतर्फा उभं केलेलं. गळ्यात स्कार्फ, तीन बोटांची सलामी, सगळं बिनचूक. पण डोंगरात रात्र कधी काढली, असं विचारलं की मुलं एकमेकांकडे बघतात. काहींची ‘रात्रीची हाईक’ झालेली असते, तीही शाळेच्याच मैदानावर. जेवण केटररचं, शेकोटीला साऊंड सिस्टिम.

ज्या शिबिरातून ही चळवळ उभी राहिली, तिथला प्रकार अगदी उलटा होता. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलं नेली. त्यांचे चार संघ पाडले आणि प्रत्येक संघाला त्यांच्यातलाच एक मुलगा नायक दिला. रोज रात्री एका संघाची पाळी असे. पीठ, बटाटे, मांस, चहा असा शिधा घ्यायचा, घोंगडी आणि भांडं पाठीवर टाकायचं आणि नेमून दिलेल्या जागी जाऊन मुक्काम ठोकायचा. चूल पेटवायची, रांधायचं, पहारे लावायचे. मग अकराच्या आत बाकीच्या संघांचे नायक आणि खुद्द बेडन-पॉवेल अंधारातून सरपटत येऊन पहारेकऱ्यांना गाफील गाठायला बघत. अकरानंतर पहारा उठे आणि मुलं झोपत. पन्नाशीचा लष्करी अधिकारी मुलांचं भांडं घासत बसला नाही की त्यांची चूलही फुंकत बसला नाही. तो झुडपाआड राहिला.

आणखी एक बाब आजच्या पालकांनी वाचण्यासारखी आहे. ईटन-हॅरोसारख्या शाळांतल्या श्रीमंत मुलांना या शिबिराची फी एक पौंड होती. गावातल्या कामकरी घरांतल्या मुलांना साडेतीन शिलिंग, म्हणजे पाचव्या हिश्श्याहूनही कमी. तंबू मात्र एकच. आज आपल्याकडे रिसॉर्टवरच्या ‘साहस शिबिरा’त ज्याला परवडतं तो जातो, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतला स्काउट गणवेश धुऊन इस्त्री करून पुढच्या संचलनाची वाट बघतो.

त्या रिसॉर्टवर सांघिक खेळही तयार मिळतात. दोरांची जाळी, टायरची रांग, डोळे बांधून चौकोन करायचा. मजा येते, नाही असं नाही. पण जाळी ओलांडता आली नाही तर प्रशिक्षक हात देतो आणि सगळे जेवायला जातात. हरण्याची किंमत शून्य.

याउलट राजमाचीची वाट घ्या. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे गडाखालच्या उधेवाडी गावापर्यंत पंधरा-सोळा किलोमीटर, चढ फारसा नाही. डिसेंबर-जानेवारीतली चांदणी रात्र आणि आठ जणांचा संघ. दोन तासांनी वाट फुटते. नायक म्हणतो डावीकडे, नकाशा ज्याच्या हातात आहे तो म्हणतो उजवीकडे, आणि मागच्या दोघांना फक्त बसायचं असतं. एकाची टाच सोलवटलेली असते, पण तो बोलत नाही, कारण काल वर्गात त्यानेच बढाई मारलेली असते. कुणाच्या टॉर्चचे सेल संपलेले, कारण गाडीत बसून त्याने ती उगाच चालू-बंद केली. आता सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे घ्यायचं की मागे ठेवायचं? पाण्याच्या बाटल्या कुणाकडे किती? हे पेच कुणी आखलेले नसतात, आणि म्हणूनच ते खरे असतात. उधेवाडीत पोचल्यावर घराघरांत पिठलं-भाकरी मिळते, पण स्काउटांनी एकदा तरी तिथं आपला भात आपण करून बघावा. आठ जणांच्या भाताला पाणी किती, यावरून झालेलं भांडण आणि खाली लागलेला भात खरवडून खाताना मिटलेलं भांडण त्यांना वर्षभर पुरतं.

धोका नाही का? आहे, आणि तो हसण्यावारी नेणाऱ्यांच्या हाती मुलं देऊ नयेत. १९१२ मध्ये लंडनच्या वॉलवर्थ भागातल्या स्काउट पथकाची होडी लेस्डाऊनजवळ उलटून नऊ मुलं बुडाली. आपल्याकडे २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले कॉलेजचे विद्यार्थी बुडाले, आणि त्यानंतर सहलींवर नियमांचा पहारा बसला. मुख्याध्यापक घाबरतात ते उगाच नव्हे. उद्या काही झालं तर सही त्यांची असते.

पण रात्रीची हाईक बंद करून ही भीती जात नाही, नुसती पुढे ढकलली जाते. कधीच वाट न चुकलेला मुलगा पुढे कॉलेजात मित्रांबरोबर भर पावसात, कुणाला न सांगता गडावर निघतो. त्याला वाट चुकू द्यायची तर ती चौदाव्या वर्षी, मागे मास्तर असताना चुकलेली बरी. त्यासाठी मास्तरांनी आधी दिवसाउजेडी ती वाट चालून यावं, गावातल्या कुणाशी तरी बोलून ठेवावं, पावसाळा टाळावा, पाण्याच्या काठी मुक्काम करू नये, प्रथमोपचाराची पेटी आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर स्वतःकडे ठेवावा. एवढं केलं की वाटेवर त्यांचं काम पन्नास पावलं मागे राहण्याचं आणि तोंड बंद ठेवण्याचं. अनुभवी स्काउटमास्तरांना विचारा, त्यातलं दुसरं काम जास्त अवघड.

शिक्षण विभागाला खरंच काही करायचं असेल तर स्काउटांच्या सोपान परीक्षांची आणि पुरस्कारांची नोंदवही तपासताना एक रकाना वाढवावा: या संघाने या वर्षी रात्र कुठे काढली आणि रांधलं कुणी? उत्तर मात्र मास्तरांनी नव्हे, संघनायकाने स्वतःच्या अक्षरात लिहायचं. करपलेल्या भातासकट.