आजींचे दीड हजार



परवा निफाडहून नाशिकला येताना एस.टी.त शेजारी एक आजी होत्या. पंच्याहत्तरी उलटलेली, म्हणून कंडक्टरने शून्य रुपयाचे तिकीट हातात ठेवले. आजी म्हणाल्या, "भाऊ, परवास फुकट, वर महिन्याला दीड हजार. सरकारला परवडतं का यवढं?"

प्रश्न साधा, पण मुंबईत अर्थसंकल्प मांडणाऱ्याचीही झोप उडवील असा! तिकिटाचे पैसे सरकार एस.टी. महामंडळाला भरून देते. ही सवलत ऑगस्ट २०२२ पासूनची. दीड हजार श्रावणबाळ योजनेचे. जुलै २०२३ पूर्वी ते हजारच होते. दारिद्र्यरेषेखालच्या म्हाताऱ्या माणसासाठी दिल्ली यात २०० रुपये घालते, ऐंशीच्या पुढे ५००. हे २०० २००७ सालीही २००च होते. बाकीचा भार राज्याच्या तिजोरीवर.

आणि म्हातारी माणसे वाढताहेत. २०११ च्या जनगणनेत देशात शंभरात साडेआठ माणसे साठीच्या पुढची होती, महाराष्ट्रात दहाच्या आसपास. २०३६ पर्यंत देशात ती पंधरा होतील असा सरकारी अंदाज आहे. माणसे जास्त जगतात, मुले कमी होतात. इकडे राज्याच्या महसुलातला निम्म्याहून अधिक पैसा पगार, पेन्शन आणि व्याजातच जातो.

माझे गाऱ्हाणे वेगळेच आहे. जुन्या सरकारी नोकराची पेन्शन महागाईबरोबर आपोआप चढते. आजींची रक्कम मात्र कुणी घोषणा करील तेव्हाच. नोकरांचे कमी करा असे मी म्हणत नाही. त्यांनीही घाम गाळला. पण गारपीट सांगून येत नाही, म्हातारपण सांगून येते. आज चाळिशीतला शेतकरी वीस वर्षांनी साठीचा होणार, हे आजच ठाऊक आहे. मग दरवर्षी थोडी वाढ आधीच का धरू नये?

२०१९ साली अल्पभूधारकांसाठी किसान मानधन योजना निघाली. एकोणतिसाव्या वर्षी नाव घातले तर महिना १०० रुपये आपले, तेवढेच सरकारचे, आणि साठीनंतर महिना ३,०००. पण तीस वर्षांनंतर तीन हजारांत काय येईल, हे ज्याने त्याने आपल्या किराणा दुकानात विचारावे!

तूर्त एवढे करा. घरात पासष्टीच्या पुढचे गरजू माणूस असेल, तर वयाचा पुरावा आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन तहसील कचेरीत चौकशी करा. आणि म्हाताऱ्या माणसाला रांगेत एकटे पाठवू नका.