हात फिरवायचा खेळ

पडेगावच्या घरी भाचा संगणकावर डॉल्फिन इम्युलेटर टाकून २००६ च्या ‘वी स्पोर्ट्स’मधलं बोलिंग कीबोर्डवर खेळत होता. मला हे पटत नाही. हात फिरवायचा खेळ बोटांवर आणला तर उरलं काय? जुन्या मोबाईलमध्ये मोशन पाठवणारं ॲप टाकलं, दोन्ही एकाच वायफायवर घेतले, डॉल्फिनच्या डीएसयू क्लायंटमध्ये मोबाईलचा आयपी आणि पोर्ट २६७६० भरला, मोशन इनपुट जोडलं. तरी मनगट वळेना! त्या स्वस्त मोबाईलचे मोशन सेन्सरच नीट चालत नव्हते. सेटिंगशी झटण्याआधी हे बघा. मग माझा मोबाईल जोडला, रुमालाने अम्मीच्या मनगटाला बांधला. तिची बोटं सांधेदुखीने आखडलेली. म्हणून ‘बी’ बटण भाच्याने सांभाळलं. अम्मीने हात फिरवला. सात पिना पडल्या. आता कीबोर्ड भाच्याकडे, पाळी अम्मीची.