अंकल पैंचे ऋण

२४ फेब्रुवारी २०११ रोजी मुंबईत अनंत पै यांचे निधन झाले. त्या दिवशी हळहळलेल्यांमध्ये समीक्षक आणि प्राध्यापक मोजकेच होते. खरी हळहळ वाटली ती तिशी-चाळिशीतील अभियंत्यांना, डॉक्टरांना, बँकेत आणि कारखान्यात नोकरी करणाऱ्या गृहस्थांना. ज्यांचे बालपण 'अमर चित्रकथा' आणि 'टिंकल' यांच्या पानांत गेले, त्या पिढीने आपल्या घरातले वडीलधारे माणूस गेल्याचे दुःख अनुभवले. त्याआधी पाचच दिवस दिल्लीत भरलेल्या देशातील पहिल्या 'कॉमिक कॉन' मेळाव्यात त्यांना जीवनगौरव सन्मान जाहीर झाला होता. पुढे ऑगस्ट २०१४ मध्ये 'चाचा चौधरी'चे जनक प्राणकुमार शर्मा गेले आणि १२ नोव्हेंबर २०१८ रोजी अमेरिकेत स्टॅन ली यांनी वयाच्या ९५ व्या वर्षी निरोप घेतला.

स्टॅन ली यांच्या निधनाने व्यथित झालेला वर्ग अधिक तरुण होता. 'स्पायडर-मॅन', 'आयर्न मॅन', 'हल्क' या पात्रांवर पोसलेल्या या तरुणांना न्यूयॉर्कचा हा वृद्ध लेखक आपलाच वाटत होता. पिंपरी-चिंचवडसारख्या कष्टकरी उद्योगनगरीतही शाळकरी मुलांच्या दप्तरावर, डब्यावर आणि सदऱ्यावर कोळ्याच्या जाळ्याचे चित्र दिसते, ते उगाच नव्हे. हे पाहून अनेक पालकांच्या आणि कार्यकर्त्यांच्या तोंडून एकच उद्गार निघतो : परकीय अतिमानवांनी आमची मुले पळवली. हा उद्गार समजण्यासारखा आहे, परंतु तो पुरेसा खरा नाही. आणि अनंत पै यांच्या आयुष्याकडे पाहिले, तर तो फारसा उपयोगाचाही नाही.

वेताळाच्या शाळेतला विद्यार्थी

१७ सप्टेंबर १९२९ रोजी कर्नाटकातील कार्कळ येथे जन्मलेले पै दोन वर्षांचे असतानाच आईवडिलांना पारखे झाले. बाराव्या वर्षी ते मुंबईत आले. शिक्षण रसायन तंत्रज्ञानाचे, परंतु ओढा मुलांसाठी लिहिण्याकडे. १९५४ मध्ये त्यांनी 'मानव' नावाचे बालमासिक काढून पाहिले, ते चालले नाही. पुढे टाइम्स ऑफ इंडिया समूहात ते नोकरीला लागले. त्या समूहाने १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. ली फॉक यांचा मुखवटाधारी 'फँटम' मराठी घरांत 'वेताळ' होऊन आला तो याच मालिकेतून. चौकटी किती असाव्यात, संवाद किती आटोपशीर हवा, पान कोठे संपवले म्हणजे मूल पुढचे पान उलटते, या सगळ्या गोष्टी पै येथे जवळून पाहत होते. भारतीय चित्रकथेच्या या प्रवर्तकाने आपली विद्या एका परक्या नायकाच्या सहवासात मिळवली, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

१९६७ मध्ये दिल्लीत दूरदर्शनवर चाललेली एक प्रश्नमंजूषा त्यांच्या पाहण्यात आली. ग्रीक देवदेवतांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी चटकन दिले. श्रीरामाच्या आईचे नाव मात्र कोणाला सांगता आले नाही. ज्या देशात अशिक्षित आजीही रामायण मुखोद्गत म्हणू शकते, त्या देशाच्या राजधानीतली ही अवस्था होती. या प्रसंगाने अस्वस्थ होऊन वर्तमानपत्रांत पत्रे लिहिणारे पुष्कळ निघाले असते. पै यांनी चालती नोकरी सोडली. इंडिया बुक हाऊसचे जी. एल. मिरचंदानी यांच्या साहाय्याने त्यांनी 'अमर चित्रकथा' उभी केली. भारतीय विषयावरचा पहिला अंक 'कृष्ण' राम वाईरकर यांच्या कुंचल्यातून उतरला. पुढे चारशेहून अधिक शीर्षके निघाली, वीसहून अधिक भाषांत गेली आणि एकूण खप दहा कोटी प्रतींच्या पलीकडे पोचला.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. वेताळावर बंदी घाला, अशी मागणी पै यांनी कधी केली नाही. वेताळाशेजारी त्याच दुकानात, तितक्याच रंगीत वेष्टनात, त्यांनी कृष्ण ठेवला, शिवाजी ठेवला, झाशीची राणी ठेवली. निवड मुलांवर सोपवली आणि मुलांनी त्यांचा विश्वास सार्थ केला.

अतिमानव आणि माणूस

पाश्चात्त्य अतिमानवांची हेटाळणी करणेही न्यायाचे होणार नाही. १९३८ मध्ये 'सुपरमॅन' प्रसिद्ध झाला, तो जेरी सीगल आणि जो शुस्टर या स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील दोन तरुणांच्या कल्पनेतून. अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वीच, १९४१ मध्ये, 'कॅप्टन अमेरिका'ने मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा लगावला. स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांचा 'स्पायडर-मॅन' १९६२ मध्ये आला, तो तर पोरका, लाजाळू, पैशांची चणचण असलेला शाळकरी मुलगा. आपल्या एका चुकीमुळे काकांचा जीव गेला ही टोचणी त्याला जन्मभर पुरते. कथा सांगण्याच्या या सामर्थ्याने ती पात्रे जग जिंकून आली. २००४ मध्ये मुंबईचा धोतर नेसलेला 'पवित्र प्रभाकर' हा भारतीय स्पायडर-मॅनही निघाला.

तरीही एक भेद उरतोच. अतिमानवाचे बळ बहुधा अपघाताने येते. कोणाला कोळी चावतो, कोणाला औषध टोचले जाते, कोणी दुसऱ्या ग्रहावरून येतो. मुलाने त्याचे कौतुक करावे, अनुकरण कसे करावे? याउलट चाकणच्या संग्रामदुर्गाकडे पाहावे. १६६० मध्ये शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेसमोर फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर शिबंदीनिशी हा भुईकोट पन्नासहून अधिक दिवस झुंजवला. त्यांच्यापाशी कोणतीही दैवी शक्ती नव्हती. होता तो दिलेला शब्द आणि बुरुज सुरुंगाने उडाल्यावरही उभे राहण्याची हिंमत. आज त्याच चाकणच्या रस्त्यांवरून मोटारींचे सुटे भाग घेऊन अवजड वाहनांच्या रांगा जातात. त्या रांगांत अडकलेल्या शाळेच्या बसमधील किती मुलांना फिरंगोजी ठाऊक असतील?

पै यांना हा भेद उमगला होता. आरंभीच्या 'कृष्ण' अंकात त्यांनी चमत्कारांवरचा भर हेतुपुरस्सर कमी ठेवला होता. नंतरच्या आवृत्तीत ते अधिक मोकळेपणाने आले. पुराणांच्या जोडीला त्यांनी ऐतिहासिक माणसे आणली : तुकाराम, ज्ञानेश्वर, तानाजी, लोकमान्य टिळक, स्वातंत्र्यवीर सावरकर, बाबासाहेब आंबेडकर. या माणसांचे बळ अपघाताने आलेले नव्हते, साधनेने कमावलेले होते.

अमर चित्रकथेवर आक्षेपही घेतले गेले. नायक गोरे आणि राक्षस काळे रंगवले, स्त्रियांचे चित्रण ठरावीक साच्याचे झाले, गुंतागुंतीचा इतिहास फार सोपा करून मांडला, असे अभ्यासकांचे म्हणणे. यातले काही आक्षेप रास्त आहेत आणि पुढच्या चित्रकथाकारांनी ते मनावर घेतले पाहिजेत. मात्र ही मालिका एकाच पंथाची किंवा एकाच वर्गाची होती, हा आरोप टिकत नाही. कबीर, अकबर, येशू ख्रिस्त हेही तिचे विषय झाले आणि आंबेडकरांचे चरित्र कित्येक सवर्ण घरांतील मुलांनी प्रथम वाचले ते याच मालिकेत.

आजी गावाकडे राहिली

अनंत पै यांचे कार्य का आवश्यक होते, हे समजण्यासाठी पिंपरी-चिंचवडहून बोलके ठिकाण शोधून सापडणार नाही. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. मागोमाग औद्योगिक वसाहत आली, वाहनउद्योग आला, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि मग चाकणचा पट्टा बहरला. सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेश आणि थेट उत्तर भारत व केरळपासून माणसे येथे आली. पाळीची नोकरी, दोन खोल्यांचे घर, कर्त्या माणसाच्या येण्याजाण्याच्या बदलत्या वेळा. या संसारात सगळे काही आले. गोष्ट सांगणारी आजी तेवढी गावाकडे राहिली. अमर चित्रकथा अशा घरांत आजीची जागा घेऊन बसली. पै यांना मुलांनी 'अंकल' म्हटले, यात एक सामाजिक सत्य होते.

दैवाचा खेळ असा की, गोष्टींची खाण याच परिसरात आहे. देहू आणि आळंदी शहराच्या शिवेवर आहेत. चिंचवडात मोरया गोसावींची समाधी आहे आणि चापेकरांचा वाडा आहे. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव या तिघा भावांचे वडील हरिपंत कीर्तनकार होते. बापाच्या कीर्तनाला साथ करत ही मुले वाढली, गोष्टी ऐकतच मोठी झाली. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. १८ एप्रिल १८९८ रोजी दामोदर फासावर गेले. फितुरांना शासन करणारे वासुदेव ८ मे १८९९ रोजी, त्यांचे साथी महादेव रानडे १० मे रोजी आणि बाळकृष्ण १२ मे रोजी. एका आईचे तीन पुत्र वर्षभराच्या अंतराने येरवड्यात फाशी गेले. ज्या कथेत इतके नाट्य आहे, तिला अतिमानवी शक्तीची जोड लागत नाही. ती चित्रांतून सांगणारा हात तेवढा लागतो.

हा हातही परका नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळी गावचे चित्रकथी पिढ्यान्पिढ्या एकामागून एक चित्र दाखवत रामायण-महाभारत सांगत आले. त्या परंपरेचे जतन करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पुण्याचे प्रताप मुळीक यांनी अमर चित्रकथेसाठी 'गीता' रेखाटली आणि १९८६ पासून 'नागराज' या भारतीय अतिमानवालाही रूप दिले. एकाच कुंचल्यातून कुरुक्षेत्र आणि नागराज दोन्ही उतरले. तेव्हा चित्रकथा की संस्कार, अतिमानव की वीरपुरुष, हे भांडण मुळातच खोटे आहे.

शोकानंतरचे काम

'इंद्रजाल' १९९० मध्ये बंद पडले. 'चांदोबा'ही थांबला. अमर चित्रकथेचा मोठा वाचकवर्ग इंग्रजीतच राहिला. मराठीत शिकणाऱ्या कामगाराच्या मुलाच्या हाती आज जे पडते, ते भाषांतरित किंवा पडद्यावरचे. ही पोकळी भाषणांनी भरणार नाही. गणेशोत्सवात याच नगरीतील मंडळे ऐतिहासिक देखावे उभारतात. तो खर्च, ती कल्पकता आणि ते कारागीर दहा दिवसांनंतर विखुरतात. त्याच विषयावरची चोवीस-बत्तीस पानांची मराठी चित्रकथा मंडळाने काढली आणि परिसरातील शाळांत वाटली, तर देखावा वर्षभर टिकेल. कंपनी कायद्यान्वये मोठ्या उद्योगांना २०१४ पासून नफ्याचा काही भाग समाजकार्यावर खर्च करावा लागतो. शिक्षणासाठी राखलेल्या त्या निधीतून फिरंगोजी किंवा चापेकर बंधूंची चित्रकथा निघणे अवघड नाही. अट एकच : संशोधन चोख हवे आणि चित्र पहिल्या प्रतीचे हवे. विषय पवित्र आहे म्हणून सुमार चित्रे मुलांच्या माथी मारली, तर मुले ती बाजूला सारतील आणि त्यांचे काही चुकणार नाही.

ज्यांनी अंकल पैंसाठी आसवे गाळली, ती पिढी आज आईबाप झाली आहे. तिचे ऋण आठवणी काढून फिटणारे नाही. चिंचवडच्या चापेकर चौकातून रोज शेकडो मुले शाळेला जातात. हे चापेकर कोण, असे त्यांना थांबवून विचारावे. उत्तर आले नाही, तर १९६७ ची प्रश्नमंजूषा अजून संपलेली नाही, आणि त्याचा दोष न्यूयॉर्कच्या कोळ्यावर ढकलता येणार नाही.